डेटाबेसमधली चौदा फंक्शनं

सोमवार, ३० जून. सकाळी ९.
नगरपालिकेच्या शाळांचा डेटाबेस पुढच्या सोमवारी नव्या सर्व्हरवर जाणार. शाळा बंद आहेत तोवरच उरकायचं. त्याआधी गुरुवारपर्यंत यादी हवी: आमच्याच माणसांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेली छोटी फंक्शनं, कुठलं काय काम करतं, कुठलं मेलंय. दालचिनीचा पाव खाताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, उद्या दुपारीच देते. शुक्रवारी एकच्या बोटीनं लेकीबरोबर, तूवाबरोबर बेटावर, तीन आठवडे! ऑगस्टमध्ये पोरगी शिकायला नॉर्वेला जाईल. मग कुठली हाताला लागतेय.

मंगळवार, १ जुलै.
डेटाबेसला एका ओळीची क्वेरी विचारली, फंक्शनं किती? निघाली चौदा. फारच नीटनेटका डेटाबेस. श्रेय थोडं माझंही. सगळ्यांच्या परवानग्या सिक्स्टन सांभाळतो. तो म्हणाला, चौदाच? अगं, डोळे उघडून बघ. वयानं माणूस शंकेखोर होतो.
दुपारी पोहण्याचा पोशाख घेतला.

बुधवार, २ जुलै.
टिपा लिहायच्या होत्या. आधी रंग दिले: हिरवं जिवंत, करडं मेलेलं. यादी देखणी झालीय. तूवाचा फोन. आई, या वेळी लॅपटॉप आणलास तर समुद्रात टाकीन. म्हटलं, शपथ.
सिक्स्टन सुट्टीवर गेला. होडीवर फोन बंद ठेवतो. शिस्त असावी तर अशी.

गुरुवार, ३ जुलै. दुपारी २.
यादी दिली. आमची प्रमुख गुनिला म्हणाली, मुलांच्या ॲलर्जी तपासणारं फंक्शन कुठाय? म्हटलं, नसेलच.

३.३०
कळलं. ज्याला जेवढं बघायची परवानगी, तेवढंच डेटाबेस दाखवतो. उरलेल्याबद्दल चकार शब्द नाही. मला परवानगी चौदांची. म्हणजे तत्त्वतः यादी बरोबरच होती.

५.००
गुनिलानं सिक्स्टनच्या बदलीवरच्या माणसाकडून परवानगी मिळवली. पुन्हा क्वेरी. दोनशे सहा. गुनिला म्हणाली, बाई, उद्या दुपारीच देते असं कोण म्हणालं होतं?
सकाळी सहाला येईन. तासाला तीस. बोट आरामात.

शुक्रवार, ४ जुलै. दुपारी १२.
एकतीस झाली. पण फार सखोल. तूवाला कळवलं, तू हो पुढे, मी तीनची पकडते.

३.१०
सहाची जास्त सोयीची. गर्दी नसते.

संध्याकाळी ७.
अठ्ठ्याहत्तर. ऑफिसात मी आणि कॉफीचं यंत्र. तूवाचा मेसेज: आई, शेवटची बोट येऊन गेली, मी धक्क्यावर होते. घाई करू नकोस. तुझी गादी उन्हात टाकली होती, ती आत घेतलीय.