निलंबित कारकुनाचं पुढे काय झालं

आदरणीय धोंडिराममामा आणि मामी यांना कांदिवलीहून संघमित्राचा सप्रेम जयभीम.

मामींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का? तुमच्या खोकल्याची चौकशी करत नाही, कारण मागच्या फोनवर अर्धा वेळ तोच बोलत होता. इकडे आम्ही मजेत. धम्मपालांनी वजन कमी करायला घेतलंय (वजनाला अजून कळवलेलं नाही), आणि सासूबाईंचा मोतीबिंदू निघाल्यापासून त्यांना आमच्या घरातली सगळी धूळ दिसते.

तुम्ही विचारलंत की दोनदा नापास झालेली तू या खेपेला खात्याची परीक्षा कशी पास झालीस, मन लावायचा काही उपाय असेल तर कळव. तो फोनवर सांगण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षा बढतीची होती आणि मला तिची गरज का होती ते आधी सांगते. आमच्या ऑफिसात शीतल म्हणून मुलगी आहे. तिला फाइलला टॅग कसा बांधायचा ते मी शिकवलं. ती पहिल्या फटक्यात पास झाली आणि आता माझ्या रजेच्या अर्जावर सही करते. (चांगली मुलगी आहे. सही करताना खाली बघते. त्याचाच जास्त त्रास होतो.) या वेळी नापास झाले असते तर मी पुन्हा बसणार नव्हते, असं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

पहिला उपाय धम्मपालांचा. मोबाइल नजरेआड गेला की लक्ष लागतं, असं त्यांनी मोबाइलवरच वाचलं होतं. त्यांनी माझा फोन तांदळाच्या डब्यात पुरला आणि कामावर गेले. मी नियमांचं पुस्तक उघडलं, सासूबाईंनी डब्यात हात घातला, आणि तांदूळ वाजायला लागले. डबा त्यांच्या हातातून सुटला. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत ओट्याखालून तांदूळ वेचत होतो. फोन धम्मपालांचा होता. अभ्यास कसा चाललाय, हे विचारायला केला होता.

मग ते म्हणाले, तुला शांतता पाहिजे, जोगेश्वरीच्या लेण्यांत जा. (लेणी म्हटली की ध्यानाला बसावं एवढंच त्यांच्या डोक्यात. आत देवी आहे आणि तिला भेटायला माणसं येतात, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.) रविवारी गेले. आत गारवा, थोडा अंधार, मोबाइलला रेंज नाही, एकदम झकास. एका खांबाला टेकून मांडी घातली, डोळे मिटले आणि नियम पुटपुटायला लागले. थोड्या वेळाने डोळे उघडले तर पुढ्यात दोन केळी आणि एक बाई हात जोडून बसलेल्या. त्यांनी विचारलं होतं, मुलाचं लग्न कधी जमेल, आणि माझ्या तोंडून नेमकं बाहेर पडलं होतं, "अर्ज योग्य मार्गाने आल्याशिवाय विचार होणार नाही."

"बरोबर बोललात ताई," त्या म्हणाल्या. "तो मुलीच्या घरी परस्परच गेला ना."

मी घाईने सांगितलं, अहो, मी परीक्षेला बसलेय.

"आपण सगळेच बसलोय, ताई," असं म्हणून त्यांनी मागच्या दोघींना पुढे सरकायला जागा करून दिली. मी पुस्तक काखेत मारून तिथून निघाले. केळी त्यांनी परत घेतली नाहीत.

घरी आले ती वैतागूनच. सासूबाईंची मालिका चालू होती. आमच्या एवढ्याशा घरात दुसरीकडे जाणार कुठे? मालिकेच्या वर आवाज चढवून मी निलंबनाचं प्रकरण वाचायला लागले. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"कुणाला काढलं कामावरून?" त्यांनी विचारलं.

काढलं नाही, निलंबित केलं, एक कारकून आहे, असं मी सांगितलं. (पुस्तकात कारकून नाही. तो मी तिथल्या तिथे जन्माला घातला.)

"मग त्याची लेकरं काय खात्यात?"

मामा, निलंबित माणसालाही घर चालवायला निर्वाह भत्ता मिळतो, तो नियम मी दोन्ही वेळेला विसरले होते. या वेळी लेकरं डोळ्यांसमोर उभी राहिली आणि नियम पाठ झाला. मग हे रोजचंच झालं. त्या भाजी निवडत ऐकायच्या आणि त्या कारकुनाची बाजू घेऊन माझ्याशी भांडायच्या. त्याला खुलासा द्यायला मुदत दिली का? साक्षीदाराला उलट विचारू दिलं का? मला शोधून शोधून उत्तरं द्यावी लागायची, कारण उत्तर नसलं की त्या मला झोपू द्यायच्या नाहीत. परीक्षेहून आले तेव्हा पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलंच नाही. कारकून सुटला का, एवढंच विचारलं. सुटला म्हणून सांगितलं. निकालाच्या दिवशी शीतलने मान वर करून माझं अभिनंदन केलं आणि मला उगाचच रडू आलं.

तर उपाय हा असा आहे. कळावे, लोभ आहेच, खोकल्याला मात्र लोभ दाखवू नका.

तुमची,
संघमित्रा

ता. क. : खरं काम राहिलंच. सासूबाईंना दहावीला बसायचंय, बाहेरून. कारकुनाची केस संपल्यावर दोन दिवसांनी म्हणाल्या, सातवीनंतर मला काढलं तेव्हा कुणी खुलासा विचारला नव्हता. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्यांचं माहेर तुमच्या शेजारच्याच गावचं, शाळा अजून आहे म्हणतात. तेवढं जाऊन याल का?

ता. क. दुसरा : शाळेत शकु म्हणून विचारू नका, सापडणार नाही. ते नाव लग्नात ठेवलं. पटावर त्या हौसा आहेत. धम्मपालांनाही हे काल कळलं. सांगून झाल्यावर सासूबाईंनी ते जुनं नाव एकदा कागदावर लिहून पाहिलं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, मामा.