दिल्लीत घेतलेलं तुमचं नाव

ती. आत्याबाईंना,
मोताळ्याहून तुमच्या सुनेचा नमस्कार.

तुम्ही देऊळघाटले नणंदबाईकडं गेल्या आन मी काल दिल्लीहून आली. फोनवर तुम्ही एवढंच विचारलं, "तिकडं थंडी होती का वं?" मी हाव म्हटलं. बाकीचं तोंडातून निघालंच नाही.

हे वारल्यावर माझं अन्न सुटलं होतं. मी चर्चमधी जाऊ लागली तवा भावकी म्हणे, सुनेले घराबाहेर काढा. तुम्ही म्हणाल्या, "तिथं जाऊन ती जेवाले लागली. मले तेवढं पुरे."

दिल्लीले चर्चचं संमेलन होतं, तिथं गावोगावी प्रार्थना घेणारे लोक आले होते. मंचावरून प्रत्येकाले विचारून राह्यले होते, तुमचा देवावरचा विश्वास कोणी सांभाळला? कोणी पास्टरचं नाव घेतलं, कोणी बायबल शिकवणाऱ्या बाईचं. मंग माझी पाळी आली.

मी म्हटलं, "माझ्या सासूनं. आशाबाईनं."

"त्या कोणत्या चर्चच्या?"

"कोणत्याच नाही. त्या रोज तुळशीले पाणी घालतात."

लोक एकमेकांकडं पाहू लागले. मले वाटलं, चुकली मी. मंग मंचावरची एक म्हातारी बाई उठली आन म्हणाली, "आधी या आईसाठी देवाचे आभार मानू." सारेच उभे राह्यले. आत्याबाई, तुमचं नाव घेऊन एवढ्या लोकांनी प्रार्थना केली!

हे पत्र पाठवत नाही. नणंदबाई वाचून दाखवतीन, गोष्ट भावकीच्या कानावर जाईन आन भावकी पुन्हा तुम्हालेच बोलंन.

तुम्ही घरी आल्या की पाया पडीन. काऊन म्हणून विचारान, तर म्हणीन, दिल्लीहून आली ना.

तुमच्याच घरची,
जयमाला