जागा शिल्लक नाही

प्रिय धाकट्या,

आपल्या माळावर सुट्टीला निघालेल्यांच्या दहा कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची घरं, भाड्यानं उभ्या राहतात, हे तुला मी काय सांगू? नळाचे चर तूच खणलेस. पहिल्या वर्षी चिटपाखरूही फिरकलं नाही, तेव्हा तूच हसत पाटी रंगवलीस, 'जागा शिल्लक नाही', आणि म्हणालास, "ताई, एक दिवस ही टांगशीलच बघ!"

गेल्या आठवड्यात तू बायको-मुलांना घेऊन, तुमचं चाकांवरचं घर ओढत फाटकाशी आलास, तेव्हा ती पाटी टांगलेली होती. कसला खूश झालास! "लागली की गं पाटी! आता आम्हा फुकट्यांना कोण विचारतं?" म्हणत गाडी वळवलीस. पोरं मागच्या काचेतून हात हलवत होती.

धाकट्या, सातवी जागा रिकामी होती रे. सुट्टीच्या सहा आठवड्यांत मिळवायचं आणि वर्षभर पुरवायचं, असा हा धंदा. तुझा "येतोय" असा फोन आला आणि मनात आलं, भावाकडून भाडं कसं घ्यायचं? तेवढ्यात त्या जागेला एखादं भाडं देणारं गिऱ्हाईक येईल. म्हणून तू पोचायच्या आत मीच पाटी टांगली. नंतर ती उतरवायला हात धजेना, आणि पाटी वाचून गिऱ्हाइकंही परत गेली. सातवी जागा आठवडाभर तशीच राहिली.

तुझी बायको फोनवर सांगत होती, तू भेटेल त्याला सांगतोस, "ताईनं नाव काढलं." तुझ्या आनंदावर विरजण नको, म्हणून हे पत्र टाकत नाही, अशी मनाची समजूत घालते. खरं म्हणजे छाती होत नाही.

पाटीवरच्या तुझ्या अक्षराकडे बघवत नाही अशी,
तुझी ताई