सातव्या नदीची हाक

अण्णा, आज घाटावर एक बाई स्नानाचा श्लोक म्हणत होती आणि कावेरीचं नाव येताच मी सवयीनं "आले!" म्हणाले. बाई बघतच राहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही खोड जात नाही.

इथे गंगेकाठी दुर्गाघाटावर तुमच्यासारखा बोलका भिक्षुक दुसरा नव्हता. आणि त्या सकाळी पूजा सांगता सांगता तुमचा उजवा हात लुळा पडला, तोंडात एकच शब्द उरला, स्वाहा. पाणी हवं, स्वाहा. आमटी अळणी, स्वाहा. मला हाक, तीही स्वाहा. समजायचं तुम्हाला सगळं, नुसतं सांगता येत नसे, आणि मग तुम्ही डावी मूठ पाटावर आपटायचात. तुमच्या तोंडून माझं नाव आता कधीच ऐकू येणार नाही, असं मी धरून चालले होते. सरकारी दवाखान्यातला गोरा डॉक्टर स्वतःच्या डाव्या कानशिलावर बोट ठेवून म्हणाला, "बोली इधर रहती है. इधर चोट है."

मग एकदा आई तुम्हाला न्हाऊ घालत होती. पाणी ओतताना तिनं रोजच्यासारखा श्लोक सुरू केला, आणि तुम्ही तिच्या पुढे निघून गेलात. गंगा, यमुना, गोदावरी, थेट कावेरीपर्यंत साती नद्या, स्वच्छ, सुरात. आई तांब्या टाकून ओरडली, "अगं ये लवकर, यांना सगळं याद आहे!" पाठ केलेलं, गायलेलं डोक्यात दुसऱ्या जागी राहत असावं, असं डॉक्टर म्हणाला.

आम्ही लगेच नद्या वाटून टाकल्या. गंगा म्हणजे पाणी, यमुना म्हणजे जेवण, गोदावरी म्हणजे आई, कारण तिचं माहेर नाशिकचं. मी शेंडेफळ, म्हणून कावेरी. मधलीच नदी उचलणं तुम्हाला जमत नसे. गंगेपासून निघायचं आणि हवी तिथे थांबायचं. मला बोलवायचं तर सातही.

वर्षभरानं तुम्ही अंगणातून एकदम "कावेरी!" म्हणालात, आधीच्या सहा नद्या नाहीतच. आईनं गल्लीत गूळ वाटला. पुढे हळूहळू पाणी आलं, मीठ आलं, शेवटी माझं खरं नावही आलं. तेव्हा मी आनंदानं रडले.

हे पत्र पेटीतच राहणार, म्हणून सांगते. तुम्ही गंगेपासून सुरुवात केलीत की ही हाक माझी, हे मला सुरावरूनच कळायचं. लगेच उठता आलं असतं. पण तुम्ही माझ्यासाठी इतक्या नद्या ओलांडताय, हे ऐकायला फार बरं वाटायचं. मी चुलीपाशी गप्प बसून राहायची, तुम्ही कावेरीला पोचेपर्यंत.