सेकुरूंच्या म्बिराच्या पट्ट्या

चि. गारिकाई,

माझ्या मक्याच्या पिठाच्या डब्यात तुझी गिटारची नखी होती. ती मी शिजवली, चावली आणि मगच ओळखली. या पातकाला शास्त्रात प्रायश्चित्त नाही.

आता खरा संताप. तुझ्या रॉकच्या गाण्यांत शेजारच्या म्हाताऱ्या सेकुरूंचा, अंगठ्यांनी छेडायचा म्बिरा हवा म्हणून तू त्याच्या लोखंडी पट्ट्याच कानशीने घासल्यास! वर त्यांनाच म्हणालास, "आजोबा, गिटारशी जुळायला जरासंच घासलंय."

"पोरा, गिटारला खुंट्या असतात ना? त्या पिळायला हात मोडले होते?" सेकुरू म्हणाले.

तो सूर त्यांच्या आजोबांचा होता. घासलेलं लोखंड पुन्हा भरून येतं का रे? रविवारी पितरांना बोलवायला त्यांनी तासभर वाजवलं, पण कुणाच्याच अंगात आलं नाही. "त्यांना घर ओळखू आलं नसेल," एवढंच बोलून त्यांनी म्बिरा गुंडाळून ठेवला.

ते रोज विचारतात, "मास्तर, तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी म्हणतो, बाजारात. तू उत्तर धाडशील आणि ते सेकुरूंच्या हाती पडेल म्हणून हे पत्र टाकवत नाही. तू घासत होतास तेव्हा म्बिरा मी धरला होता. हे त्यांना कळेल, याची मला भीती वाटते.

तुझा जुना घरमालक,
वामन खांबेटे
म्बारे, हरारे