सकाळचे डॉक्टर, संध्याकाळचे डॉक्टर

३ फेब्रुवारी
दादाच्या खुब्याचा सांधा पार झिजलाय. बदलावाच लागणार. सरकारी दवाखान्यात नाव लावलं — नंबर सात महिन्यांनी. मी बसते त्या खाजगी हॉस्पिटलच्या काउंटरवर हेच ऑपरेशन येत्या गुरुवारी मिळतं. दादा म्हणाला, "घर विकून चालायला लागलो, तर चालत जाऊ कुठे?" आणि स्वतःच हसला. मला नाही हसू आलं.

५ फेब्रुवारी
वहिनी त्याला मोजे घालून देते. बसच्या खाली सरपटत जाणारा मेकॅनिक माणूस. तोंड फिरवून बसतो.

११ फेब्रुवारी
आमचे हाडांचे डॉक्टर सकाळी सरकारीत असतात, चारनंतर आमच्याकडे. म्हणजे दादाचं ऑपरेशन तेच करणार! आज त्यांना जिन्यात गाठलं. "सर, भावाचा नंबर जरा पुढे घेता आला तर..." ते थांबले. म्हणाले, "त्याच्यासाठी कुणाला तरी मागे सारावं लागेल. कुणाला, ते तुम्ही सांगा." रागावले नव्हते, म्हणून जास्त लागलं. मान खाली घालून काउंटरवर आले.

२० मार्च
सरकारीतून फोन! तिथलं बंद पडलेलं दुसरं थिएटर सुरू झालं, सगळ्यांच्याच तारखा अलीकडे आल्या. दादाची चार एप्रिल. वहिनीनं तीनदा विचारलं, "नाव नक्की आपलंच घेतलं ना?"

४ एप्रिल
झालं. नीट झालं. डॉक्टर बाहेर आले, "परवा उभं करू" एवढंच बोलले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. वॉर्डात चाळीस खाटा, चादर घरून न्यावी लागली. पण सिस्टर तासातासाला येऊन दादाला पायाची बोटं हलवायला लावत होत्या. जीव भांड्यात पडला.

६ एप्रिल
वॉकर धरून दादा खिडकीपर्यंत गेला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "आता परतही यायचं असतं, बरं का." अख्खा वॉर्ड हसला. मीसुद्धा, डोळे पुसत.

८ जुलै
दादा कामावर हजर. वहिनी म्हणते, "सुटले बाई, दिवसभर चहा मागत होता."

१ ऑगस्ट
काउंटरमागे नवी पाटी लागली. डॉक्टर सरकारी नोकरी सोडून आता पूर्णवेळ आमच्याकडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दादाच्या मागे यादीत किती जण होते, ते मी कधी विचारलंच नव्हतं.