ती नळी चुलीला लावू नकोस

प्रिय केवळा,

तुमच्या गावचा रायभान दुपारच्या गाडीनं परभणीला निघायलाय, तिथून बैलगाडीनं बोरीला येईल. तो जेवायला बसलाय तेवढ्यात हे लिहिते. एखादा शब्द अडला तर सोडून पुढं जा, पण पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती वाचायला देऊ नकोस. तुला अक्षरओळख करून दिली ती अशाच वेळेसाठी असं समज.

तुमच्याकडं म्हसोबाला बकरं द्यायचं ठरलंय आणि मोहाची फुलं भिजत घातलीत, असं रायभान म्हणाला. देवाचं काम आहे, भट्टी लावा, मी नको म्हणत नाही. पण तुझ्या उमाजीनं इथून नेलेली ती मऊ नळी लावू नकोस. आधी हे एवढं वाच, मग बाकीचं वाचत बस. ती नळी शिशाची आहे आणि शिसं म्हणजे विष आहे. अक्का उगीच घाबरवायलीय असं म्हणशील, म्हणून सगळं सांगते.

तू नांदायला गेलीस त्याच दिवाळीत उमाजी इथं पूर्णेला आला होता, आठवतं? तुझ्या दाजींनी रेल्वेच्या भंगारातून दोन नळ्या आणल्या होत्या. हातानं वळवली की वळते, मोडत नाही, गळत नाही, म्हणून दोघं लेकरासारखे नाचायलेते. उमाजी तर म्हणाला, आता वेळूच्या नळीला कोण विचारतंय. लढाईमुळं तांब्याचं काही मिळत नव्हतं, त्यात हे फुकटात सापडलं. एक नळी तो घेऊन गेला, एक इथं राहिली. त्या नळीची दारू गोडसर लागते म्हणून दाजींचे दोस्त लांबून यायचे. तुमच्याकडंही तेच, उमाजीच्या हाताला गोडी आहे म्हणून गावभर नाव झालं. केवळा, ती गोडी उमाजीच्या हाताची नव्हती गं, त्या शिशाची होती.

दाजींची तब्येत बरी नाही हे तुला कळवलं होतं, पण काय झालंय ते लिहिलं नव्हतं. पावसाळ्यापासून पोटात अशी कळ उठते की मोठा माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतो. तोंड पांढरंफटक झालंय. मी ओवा दिला, एरंडेल दिलं, उतारे टाकले, मुंजाजी भगताला घरी बोलावून आणलं. तो म्हणाला बाहेरचं आहे. मीही मानलं, आणखी काय करणार. मग एके दिवशी ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि तो हातातून सुटला. तेव्हापासून उजवा पंजा मनगटातून खाली लोंबतो, वर उचलतच नाही. फिटरच्या हाताला पाना धरता येत नाही म्हणल्यावर पुढं काय ते तूच समज. गाडीची शिट्टी झाली तरी मी दाराशी जाते, वाटतं शेडमधून आता कुणी निरोप घेऊन येतंय.

शेवटी रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं ह्यांचा ओठ खाली ओढून मला दाखवलं, हिरडीवर निळीकाळी रेघ होती. विचारलं, घरात शिशाचं काय वापरता. ह्यांनी तोंड फिरवलं. आबकारीवाल्यांच्या कानावर गेलं तर नोकरी तर जाणारच, वर हवालात. मला सगळं कळायलं होतं, तरी मी बोलले. भट्टी सांगितली, नळी सांगितली. हे माझ्याकडं असे बघायले की विचारू नकोस. अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत. नाही बोलले तर नाही बोलले, जिवंत तर राहतील. डॉक्टरनं कुणाला सांगितलं नाही. उलट घरी येऊन नळी स्वतः घेऊन गेला.

तर आता माय करायची तसं कर. मातीचं मडकं, नवं असलं तर आधी पाणी उकळून घे. घासलेटचा डबा नको, पत्र्याचं पिंप नको, त्यांच्या सांध्यांना शिशाचा डाक असतो. तांब्याचं भांडं असेल तर कल्हई आत नीट आहे का बघ, आणि कल्हईवाला ओळखीचाच असावा, कारण हे लोक स्वस्तात चकाकी यावी म्हणून कथलात शिसं मिसळतात असं डॉक्टर म्हणाला. नळी वेळूची घे आणि सांधे कणकेनं लिंप. पहिली धार माय जमिनीवर सोडायची, देवाची म्हणून. तीही तशीच सोड, कुणाला पाजू नको. वेळूची नळी गळते म्हणून उमाजी कुरकुर करील. करू दे.

आता जे लिहायचं मघापासून लांबवलं ते लिहिते. चुलीपाशी बसणारीनं धार चाखायची, मगच गड्यांच्या पेल्यात ओतायची, ही आपल्या घरची रीत. मी क्वार्टरात आल्यापासून शेजारणींच्या लाजेनं चाखणं सोडलं, म्हणून मी धडधाकट आहे. तू मात्र दर भट्टीला चाखत आलीस. दवाखान्यातून निघताना मी डॉक्टरला विचारलं, माझी बहीण हेच चाखते, तिला काय होईल. तो म्हणाला, "बाईच्या पोटात शिसं गेलं तर मूल टिकत नाही." मी तिथंच पायरीवर बसले. केवळा, तुझी दोन लेकरं पोटातच गेली. दोन्ही त्या नळीनंतर. तुझ्या सासूनं तुला पांढऱ्या पायाची म्हणलं, तू उपास धरलेस, मलाही एकदा वाटलं की तुझ्या नशिबातच नाही. आणि आज रायभान सांगतो की बकऱ्याच्या दिवशी उमाजी देवाला कौल लावणार आहे, चुडाव्याची पोरगी दुसरी करून आणायला. कौल लावायच्या आधी हे पत्र त्याच्यासमोर उभं राहून तू मोठ्यानं वाच. मघाशी कुणाला देऊ नको म्हणले ते एवढ्यासाठीच, दुसऱ्याच्या तोंडून नको, तुझ्या तोंडून ऐकू दे. अडखळलीस तरी चालेल. तुझ्या कुशीत काही खोट नाही, बाळा. त्याला विश्वास बसला नाही तर त्याची हिरडी त्याला आरशात बघायला सांग. आणि तरीही तो चुडाव्याला निघाला, तर त्या पोरीच्या हातात तरी ती नळी देऊ नकोस.

तुझीच,
सुगंधाक्का